कर्ण, दुर्योधन आणि रामाराव

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे आमचे घर आहे तिथे, मराठी घरे मोजकी आणि तेलुगू घरे फार. यंत्रमागांच्या खडखडाटात आणि तेलुगू बोलण्यात मी लहानाचा मोठा झालो. शेजारच्या आजोबांना आम्ही सारे तात्या म्हणतो. आपल्याकडे जसे कुणी तात्या, कुणी अण्णा, तसेच हे नाव, असे मला पुष्कळ वर्षे वाटे. पुढे कळले, की तेलुगूत ‘तात’ म्हणजेच आजोबा! या तात्यांच्या घरी देवांच्या तसबिरींच्या ओळीत एक श्रीकृष्ण आहे. निळसर अंग, डोक्यावर मोरपीस, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. लहानपणी मी त्याला रोज नमस्कार करीत असे. मी आठवीत असताना तात्यांनीच एकदा सांगितले, की हा देव नव्हे, नट आहे. मी ओशाळलो. तेव्हा, नमस्कार केलास म्हणून काही बिघडले नाही, असेही त्यांनी पुढे जोडले.

त्या नटाचे नाव नंदमूरि तारक रामाराव. सारा आंध्र त्यांना एन.टी.आर. म्हणून ओळखतो.

आमच्या कॉलेजात तेलुगू चित्रपट म्हटला, की हसू फुटते. हिंदीत आवाज दिलेले ते चित्रपट आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. दोन जिवलग मित्र, त्यांतला एक दगा देणार. लहानपणी बापाचा खून झालेला, तो मुलाने आडोशाला उभे राहून पाहिलेला. मग वीस वर्षांनी सूड, आणि एका ठोशाला दहा माणसे हवेत. मीही हसणाऱ्यांतलाच. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तात्यांच्या शेजारी बसून मी ‘दान वीर शूर कर्ण’ हा १९७७ सालचा चित्रपट पाहिला. जवळजवळ पावणेचार तासांचा! त्याचे निर्माते रामाराव, दिग्दर्शक रामाराव; कर्ण तेच, दुर्योधन तेच आणि श्रीकृष्णही तेच. पाहताना माझ्या मनात आले, की मैत्री, दगा आणि घराण्याचे वैर हा मसाला काही कुणा निर्मात्याने काल कुटलेला नाही. तो व्यासांच्या घरचा आहे. मग मी रामारावांचे चरित्र मिळेल तसे वाचू लागलो. आणि हा मनुष्य जी गोष्ट पडद्यावर जन्मभर सांगत आला, तीच अखेरीस त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली हे पाहून चकित झालो. ती हकीकत येथे सांगतो.

रामारावांचा जन्म २८ मे १९२३ रोजी कृष्णा जिल्ह्यातील निम्मकुरु या खेड्यात झाला. तेव्हा तो मुलूख मद्रास इलाख्यात होता. घर शेतकऱ्याचे. चुलत्यांना मूलबाळ नसल्याने त्यांना चुलत्यांच्या घरी दत्तक दिले होते. म्हणजे कर्णाची भूमिका करणारा हा नट स्वतःही एका घरी जन्मून दुसऱ्या घरी वाढला. अर्थात या सादृश्यावर फार भर देऊ नये, कारण त्यांच्या वाट्याला अवहेलना आली नव्हती. दत्तक घराने त्यांना लाडाने वाढवले आणि शिकायला विजयवाड्यास नेले. घरची परिस्थिती उतरल्यावर ते तेथील हॉटेलांना दूध घालीत आणि शिकत.

विजयवाड्याच्या कॉलेजातील एक प्रसंग आपल्या स्नेहसंमेलनवाल्या मंडळींनी अवश्य वाचावा. त्या कॉलेजात विश्वनाथ सत्यनारायण हे थोर तेलुगू साहित्यिक शिकवीत असत. पुढे १९७० सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो यांनाच. त्यांनी बसवलेल्या नाटकात रामारावांना स्त्रीभूमिका दिली, नागम्माची. मिशी काढावी लागेल असे सांगताच पोराने साफ नकार दिला. अखेर ती भूमिका त्यांनी मिशीसकट केली, आणि कॉलेजभर त्यांचे नाव पडले मिशीवाली नागम्मा! हट्टी स्वभावाची ही पहिली नोंद. शेवटचीही तशीच आहे, ती पुढे येईल.

मामाची मुलगी बसवतारकम् हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे गुंटूरच्या आंध्र ख्रिश्चन कॉलेजातून ते बी.ए. झाले, आणि १९४७ मध्ये परीक्षा देऊन प्रत्तिपाडु येथे सब-रजिस्ट्रारच्या नोकरीवर रुजू झाले. सरकारी नोकरी, तीही त्या काळातली! तीन आठवड्यांत त्यांनी ती सोडली आणि चित्रपटासाठी मद्रासची वाट धरली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. मी उद्या अशी नोकरी सोडून आलो तर आई काय म्हणेल, हे मला येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. त्यामुळे हे वाक्य वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

पहिला चित्रपट ‘मन देशम्’ १९४९ साली आला. भूमिका छोटी, पोलीस इन्स्पेक्टरची. दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद. हे प्रसाद म्हणजे मुंबईस जाऊन १९३१ च्या ‘आलम आरा’त लहानशी भूमिका केलेले गृहस्थ. लाठीमाराच्या दृश्यात या नव्या इन्स्पेक्टरने समोरच्यांना खरोखरीच बडवले, अशी गोष्ट सांगतात. दोनच वर्षांनी ‘पाताळ भैरवी’ (१९५१) आला आणि रामाराव घरोघरी पोहोचले. तो चित्रपट काढणारे नागिरेड्डी आणि चक्रपाणी म्हणजे ‘चंदामामा’ मासिकाचे संस्थापक. आपल्याकडे त्याच मासिकाची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ म्हणून येत असे. तेव्हा ‘चांदोबा’ वाचून वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना रामाराव तसे अगदीच परके नाहीत.

१९५७ साली ‘मायाबजार’ आला. आपल्याकडे वत्सलाहरण म्हणून ठाऊक असलेली ती कथा. त्यात रामाराव कृष्ण झाले, आणि आंध्रात कृष्णाचा चेहरा कायमचा ठरून गेला. तात्यांच्या भिंतीवरचा कृष्ण तो हाच असावा. पुढे ‘लवकुश’ (१९६३) मध्ये ते राम झाले. त्यानंतर आंध्रातून तिरुपतीला गेलेले यात्रेकरू मद्रासला येऊन त्यांच्या घरापुढे रांग लावीत आणि व्यंकटेशाच्या दर्शनानंतर यांचे दर्शन घेऊन मग गावी परतत. माणसाला देव करणे आपल्या देशात नवीन नाही. पण एवढ्या शिस्तीने, बसगाड्या भरून, क्वचितच झाले असेल.

परंतु मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या नटाला लोक राम आणि कृष्ण मानतात, त्याने मुकाट्याने राम आणि कृष्णच होत राहावे; त्यातच त्याचा फायदा! रामारावांनी तसे केले नाही. ‘भूकैलास’ (१९५८) मध्ये ते रावण झाले. ‘सीताराम कल्याणम्’ (१९६१) त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला आणि त्यात रामाची भूमिका दुसऱ्याला देऊन आपण पुन्हा रावण घेतला. ‘भीष्म’मध्ये भीष्म, ‘पांडव वनवासम्’मध्ये भीम, ‘नर्तनशाला’त बृहन्नडा. त्या बृहन्नडेसाठी चाळिशीला आलेला हा मनुष्य वेंपटि चिन्न सत्यम् यांच्याकडे कुचिपुडी शिकला. ‘श्रीकृष्ण पांडवीयम्’ (१९६६) मध्ये त्यांनी कृष्ण आणि दुर्योधन एकाच वेळी केले. दुर्योधनाविषयी त्यांना विलक्षण ओढ होती. ज्याला सारे जग दुष्ट म्हणते, त्याचीही एक बाजू असणार, आणि ती मांडणारा कुणी तरी पाहिजे, असे त्यांना वाटत असावे.

मधल्या काळात सामाजिक चित्रपटही शेकड्यांनी मोजावेत इतके झाले. हिंदीतली सूडकथा तेलुगूत आणायची झाली, की हमखास रामारावांचे दार ठोठावले जाई. ‘जंजीर’चे ‘निप्पुलांटि मनिषि’ (१९७४) झाले, ‘यादों की बारात’चे ‘अन्नदम्मुल अनुबंधम्’ (१९७५), ‘डॉन’चे ‘युगंधर’ (१९७९). ज्या मसाल्याला आपण आज हसतो, त्याची तेलुगूतील फोडणी बरीचशी यांच्याच हातची. वयाची पन्नाशी उलटल्यावर निम्म्या वयाच्या नायिकांभोवती त्यांनी केलेले नाच मला सहन झाले नाहीत. हे मी तात्यांपुढेही बोललो आणि त्यांचा राग ओढवून घेतला. असो.

आता ‘दान वीर शूर कर्ण’कडे येतो. १९७६ मध्ये रामारावांनी हैदराबादेत नाचारम् येथे स्वतःचा स्टुडिओ उभारला. त्याला नाव दिले रामकृष्ण, त्यांच्या थोरल्या मुलाचे. तो मुलगा १९६२ सालीच वारला होता. या स्टुडिओत अवघ्या त्रेचाळीस दिवसांत हा चित्रपट पुरा झाल्याचे सांगतात. त्याच विषयावर दुसऱ्या एका कंपनीचा ‘कुरुक्षेत्रम्’ही तयार होत होता, म्हणून घाई. दोन्ही चित्रपट १४ जानेवारी १९७७ या एकाच दिवशी, संक्रांतीला, लागले. आणि रामारावांचा जिंकला. तात्या तेव्हा तरुण होते, नातलगांकडे हैदराबादला गेले होते. तिकीट मिळायला त्यांना दोन दिवस लागले.

कर्ण आपल्याला नवा नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ सालापासून मराठी घराघरांत आहे आणि आमच्या ग्रंथालयातली तिची प्रत कधी जाग्यावर सापडत नाही. तेव्हा मी कर्ण पाहायला बसलो होतो. पाहिला मात्र दुर्योधन! शस्त्रकौशल्याच्या रंगभूमीवर कर्णाला त्याचे कुल विचारले जाते आणि तो मान खाली घालतो. त्या क्षणी रामारावांचा दुर्योधन उठतो. तो आरडाओरडा करीत नाही. तो तेथे बसलेल्या एकेका थोर पुरुषाचा जन्म विचारतो. द्रोण कुठे जन्मले, भीष्मांची आई कोण, आमच्या कुरुवंशातच वसिष्ठांपासून व्यासांपर्यंत आणि व्यासांपासून धृतराष्ट्र, पांडू व विदुरांपर्यंत कोणाकोणाचे रक्त मिसळले आहे, याचा तो हिशेब मांडतो. आणि जे कुल केव्हाच मिश्र होऊन गेले, त्याच्या नावाने आज या एका वीराला दाराबाहेर का ठेवता, असा त्याचा प्रश्न आहे. मला तेलुगू कळते ते गल्लीतले. हे संवाद ग्रांथिक, कोंडवीटि वेंकटकवी यांनी लिहिलेले. तात्या हळूहळू अर्थ सांगत होते. त्यांना ते सारे भाषण तोंडपाठ आहे. सांगता सांगता ते स्वतःच बोलू लागले, आणि पडद्यावरचा दुर्योधन व हे मागावर जन्म घालवलेले आजोबा एका स्वरात बोलत आहेत असे दृश्य मी पाहिले. कुणी आपल्यासाठी भर सभेत असे उठून उभे राहावे, असे कोणाला वाटणार नाही?

त्या दुर्योधनाला रामारावांनी भानुमतीबरोबर प्रेमगीतही दिले आहे. पंडितांनी नाके मुरडली असतील. पण मला ते पटले. ज्याला मित्र आहे, त्याला घर आणि संसारही असणारच. पांडवांशी त्याने केलेला कपटद्यूत चित्रपट लपवत नाही. तो दगाबाजच आहे. फक्त एका माणसाशी त्याने कधी दगा केला नाही. रामारावांची सारी भूमिका या एका मुद्द्यावर उभी आहे.

२९ मार्च १९८२ रोजी त्यांनी हैदराबादेत तेलुगू देशम् पक्षाची स्थापना केली. त्याआधीच्या चार वर्षांत दिल्लीच्या हुकमाने आंध्रचे मुख्यमंत्री एकामागून एक बदलले गेले होते, आणि मुख्यमंत्री अंजय्या यांचा विमानतळावर राजीव गांधींकडून झालेला पाणउतारा लोक विसरले नव्हते. तेलुगू माणसाचा स्वाभिमान हा एकच शब्द घेऊन रामाराव निघाले. एक जुनी शेव्हर्ले गाडी रथासारखी सजवली, तिचे नाव चैतन्यरथम्. आणि त्या रथाचे सारथी होते त्यांचे चिरंजीव हरिकृष्ण. गाडीतच झोप, रस्त्याच्या कडेला अंघोळ. नऊ महिन्यांच्या पक्षाने जानेवारी १९८३ मध्ये २९४ पैकी दोनशेच्या वर जागा जिंकल्या. आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला प्रादेशिक पक्ष हे प्रकरण येते, तेव्हा हे उदाहरण दोन ओळींत संपते. दोन ओळींत संपण्यासारखे ते खास नाही.

दोन रुपये किलो तांदूळ ही त्यांची योजना सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठी वाटते ती १९८६ च्या कायद्याची गोष्ट. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा आंध्रने त्यांच्या कारकिर्दीत दिला. साऱ्या देशाला तो मिळायला २००५ साल उजाडले. पिढीजात चालत आलेली गावकामगारांची पदे त्यांनी मोडली. तिरुपतीस स्त्रियांचे विद्यापीठ काढले. पण याच कारकिर्दीत, १७ जुलै १९८५ रोजी, प्रकाशम् जिल्ह्यातील कारंचेडु गावी बड्या शेतकरी जातीच्या जमावाने सहा दलितांची हत्या केली. ते गाव रामारावांच्या एका जावयाच्या घराण्याचे. भर सभेत कुल कुणाचे शुद्ध आहे असे विचारणारा दुर्योधन ज्याने उभा केला, त्याच्या राज्यात, त्याच्या सोयऱ्यांच्या गावात हे घडले. त्या हत्याकांडातून आंध्रात दलित महासभेची चळवळ उभी राहिली. तात्यांना मी याविषयी विचारले. ते गप्प राहिले. मी पुन्हा विचारले नाही. पण येथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता दग्याची गोष्ट. ती दोनदा घडली.

पहिली १९८४ ची. रामाराव हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेस गेले होते. ते परत आले आणि १६ ऑगस्ट रोजी राज्यपाल रामलाल यांनी त्यांना बडतर्फ करून नादेंड्ल भास्करराव यांना मुख्यमंत्री केले. भास्करराव म्हणजे पक्ष काढताना खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले सहकारी, मंत्रिमंडळातील अर्थमंत्री! बहुमत कोणाकडे आहे हे विधानसभेत पाहावे, एवढीही तसदी घेतली गेली नाही. मग आंध्र पेटला. लोक रस्त्यावर आले, देशभरचे विरोधी नेते धावून आले. चाकाच्या खुर्चीत बसून रामाराव आमदारांसह दिल्लीस राष्ट्रपतींच्या दारी गेले. आमदार फुटू नयेत म्हणून त्यांना आधी त्या रामकृष्ण स्टुडिओत आणि मग कर्नाटकात नेऊन ठेवण्यात आले. हे आमदार सांभाळण्याचे काम ज्यांनी मोठ्या हिकमतीने केले, त्यांत अग्रभागी होते त्यांचे जावई नारा चंद्रबाबू नायडू. राज्यपाल बदलले, आणि बरोबर एका महिन्याने, १६ सप्टेंबरला, रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. चित्रपटाचा शेवट असाच असतो. इथे थिएटरमधले दिवे लागायला हवे होते.

पण पुढे अकरा वर्षे गेली. बसवतारकम् कॅन्सरने गेल्या. १९८९ च्या निवडणुकीत सत्ता गेली आणि कल्वकुर्ती मतदारसंघात खुद्द रामारावही हरले. सत्तेबाहेरच्या त्या एकाकी वर्षांत त्यांचे चरित्र लिहिण्याच्या निमित्ताने लक्ष्मीपार्वती त्यांच्याकडे येऊ लागल्या, आणि १९९३ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, मुलांच्या मनाविरुद्ध त्यांनी त्यांच्याशी विवाह केला. नागम्माची मिशी त्यांनी काढली नव्हती. हा हट्ट तरी ते कसा सोडणार? डिसेंबर १९९४ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूक जिंकली, पूर्वीपेक्षाही मोठी, २१६ जागा. नेल्लोरकडील खेड्यांतल्या बायकांनी दारूविरुद्ध जी चळवळ केली होती, तिला दिलेले वचन पाळून त्यांनी दारूबंदी केली.

आणि आठ महिन्यांत, ऑगस्ट १९९५ मध्ये, बहुसंख्य आमदार हैदराबादच्या व्हाइसरॉय हॉटेलात जाऊन बसले. त्यांना तेथे जमवणारे होते तेच जावई, चंद्रबाबू. आमदार एका जागी ठेवून कसे सांभाळावेत ही विद्या १९८४ साली ज्या सासऱ्यासाठी वापरली, ती आता त्याच सासऱ्यावर चालवली गेली. बाहेरून येऊन लक्ष्मीपार्वती पक्षाचा कारभार हाती घेत आहेत, आमदार त्याला कंटाळले आहेत, पक्ष वाचवायला हे करावे लागले, अशी त्या बाजूची कैफियत आहे. आणि ती अगदी खोटी म्हणता येत नाही. रामाराव आपल्या त्या जुन्या चैतन्यरथावर चढून हॉटेलाच्या दारी गेले. त्यांना वाटले असेल, आपण समोर उभे राहिलो की माणसे खाली येतील. आमदार खाली आले नाहीत. वरून चपला मात्र आल्या. ज्या घराण्याने १९८४ साली त्यांच्यामागे भिंत उभी केली होती, ते आता पलीकडे होते. हरिकृष्ण पलीकडे होते, ज्यांनी तो रथ हाकला होता. बाळकृष्ण पलीकडे होते. १ सप्टेंबर १९९५ रोजी जावयांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. रामारावांनी त्यांना औरंगजेबाची उपमा दिली आणि स्वतःला शाहजहानची.

१९८४ साली रस्त्यावर आलेले लोक १९९५ साली का आले नाहीत, या प्रश्नाने मला पुष्कळ छळले. वाचून माझे जे मत झाले ते असे. पहिल्या वेळी दिल्लीने आंध्रचे मत चोरले होते, म्हणून तो प्रत्येक घराचा अपमान होता. दुसऱ्या वेळी तो एका घरातला तंटा होता. आणि घरातल्या तंट्यात शेजारी खिडकी लावून घेतात. पण राज्याचा कारभार घरातला तंटा होऊ शकला, यात रामारावांचाही दोष आहे. पक्ष त्यांनी घरासारखाच चालवला. १९८९ साली सारे मंत्रिमंडळ त्यांनी एका फटक्यात काढून टाकले होते, कोणाला न विचारता. जिथे एकाच्या शब्दावर सारे चालते, तिथे दुसऱ्याला पटेनासे झाले, की बोलायला जागा नसते. मग तो मागच्या दाराने जातो. दुर्योधनाच्या सभेत विदुर बोलत तरी होता. आमचे एक सर म्हणतात, की हे मत फार कडक आहे, म्हाताऱ्याला एवढे दोष देऊ नयेत. असेलही.

साडेचार महिन्यांनी, १८ जानेवारी १९९६ च्या पहाटे, हृदयविकाराच्या झटक्याने रामाराव गेले. वय बहात्तर. चित्रपटात याच्या पुढे एक रीळ असते, ज्यात सूड पुरा होतो. येथे ते नव्हते. १९९७ मध्ये दारूबंदी उठली. हरिकृष्ण मेव्हण्याच्या मंत्रिमंडळात शिरले, मग भांडून बाहेर पडले, त्यांनी निराळा पक्ष काढला, तो बुडाला. पुढे ते परत आले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये नलगोंडा जिल्ह्यात मोटार अपघातात वारले. २०२२ मध्ये विजयवाड्याच्या बाजूचा नवा जिल्हा झाला, त्याला रामारावांचे नाव मिळाले. पण निम्मकुरु त्या जिल्ह्यात पडलेच नाही, ते कृष्णा जिल्ह्यातच राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त शंभर रुपयांचे नाणे निघाले. राष्ट्रपतींच्या हस्ते झालेल्या त्या समारंभाला चंद्रबाबू आणि सारे घराणे हजर होते. लक्ष्मीपार्वतींना मात्र बोलावणे नव्हते. त्यांनी तशी जाहीर तक्रारही केली. जून २०२४ मध्ये चंद्रबाबूंनी चौथ्यांदा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, ती सासऱ्याने काढलेल्या त्याच पक्षाच्या बळावर.

हे सारे वाचून झाल्यावर मी तात्यांकडे जाऊन तो चित्रपट पुन्हा लावायला सांगितला. शेवटच्या युद्धात कर्णाच्या रथाचे चाक रुतते, तो खाली उतरून ते उपसू लागतो, आणि समोरून अर्जुन बाण जोडतो. पहिल्यांदा पाहताना मी त्या अर्जुनाकडे नीट पाहिलेच नव्हते. तो हरिकृष्ण आहे. अभिमन्यू झाला आहे बाळकृष्ण. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा बापाने शिकवले तसे धनुष्य ओढून उभा आहे, आणि बापानेच त्याला कुठे उभे राहायचे ते सांगितले असणार. मी तेथे चित्र थांबवले. तात्यांनी लगेच ते पुढे सोडायला सांगितले. कर्ण पडताना मध्ये थांबवू नये म्हणाले.

उठताना मी त्यांना विचारले, की तुम्ही कौतुक एवढे दुर्योधनाचे करता, मग भिंतीवर तसबीर कृष्णाची का? तात्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की हा पोरगा कॉलेजात जाऊन नक्की शिकतो तरी काय! दुर्योधनाची तसबीर घरात लावीत नाहीत, एवढेच ते म्हणाले, आणि चहा ठेवायला आत ओरडून सांगितले.